मंडळाने दिलेला गोरा हात

मुलांनो, आहात तिथे ताठ बसा आणि उजवा हात पाठीमागे न्या. हं, तिथेच ठेवा. आता समजा, समोर एक केळं आहे. ते सोला. देठ मोडताना केळं पळतंय का? हनुवटीखाली दाबून धरा. चिरडलं? असू द्या. आता डाव्या बाहीचं बटण डाव्याच हाताने लावा. ज्यांना वेणी आहे त्यांनी ती सोडून पुन्हा घाला. आणि हे चाललं असताना शेजारी कुणीतरी बसून "अरेरे, अरेरे" म्हणतंय, असंही समजा.

कंटाळलात? हात पुढे घ्या. तुमचा आला पुढे. शालनचा येणार नव्हता.

शालन मगदूम तासगावच्या पलीकडच्या एका खेड्यातली. वय अकरा. कडबाकुट्टीच्या यंत्रात वैरण सारताना तिचा उजवा हात कोपराच्या खाली चार बोटांवर तुटला. दवाखान्याने जखम भरली, टाके काढले, कागदावर 'बरी झाली' असं लिहिलं आणि तिला आमच्या केंद्रात पाठवून दिलं. बरी झालेली मुलगी आली तेव्हा तिला परकराची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होतील. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. मिरजेजवळच्या त्या पुनर्वसन केंद्रात मुलं महिनेमहिने राहत. त्यांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून संध्याकाळी तासभर मी तिथे शिकवायला जाई. शिकवायला जाई असं मी म्हणतो. शिकायचं कुणी होतं, ते पुढे कळेल.

पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात एक भांडण बघितलं. शालनला सांभाळायला तिची अनसूआत्या आली होती. आत्यांनी भाकरी कुस्करली होती आणि घास शालनच्या तोंडापाशी धरला होता.

"आ कर."

"मी खाते की."

"खाशील गं. सांडशील. आ कर."

तेवढ्यात कुमुदताई आल्या. कुमुदताई म्हणजे त्या केंद्रातल्या शिक्षिकाच, पण अंकगणिताच्या नव्हेत. अंघोळ करणं, कपडे घालणं, चूल पेटवणं, दार उघडणं, असल्या गोष्टी त्या मोठमोठ्या माणसांना पहिल्यापासून शिकवायच्या.

"आत्या, घास खाली ठेवा."

"लेकरू उपाशी हाय ताई."

"उपाशी नाही. शिकतंय. तासभर लागला तरी लागू दे."

"बया! काय दगडाचं काळीज म्हनायचं का काय! तुम्हाला पोरंबाळं हायत का न्हाईत?"

"पस्तीस आहेत," कुमुदताई म्हणाल्या. "सगळी आपापली जेवतात. ज्यांना दोन्ही हात नाहीत, तीसुद्धा."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे आत्यांच्या बाजूने हलवली. मला तेव्हा दया फार येई. दया येणं फार सोपं असतं, बसल्या जागी येते. मी बसल्या बसल्या ती करत होतो, आणि त्या दिवशी शालनने चाळीस मिनिटं घेऊन, अर्धी भाकरी फरशीवर सांडून, डाव्या हाताने जेवण केलं. तिच्या नाकालाही आमटी लागली होती. ती पुसायला मी रुमाल काढला, तर कुमुदताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःचंच नाक पुसलं.

दुसऱ्या महिन्यात केंद्राच्या मिस्त्रीने शालनला हात करून दिला. दिसायला तो अगदी कुरूप. कोपराखाली चामड्याची बाही आणि तिच्या टोकाला मनगटाच्या जागी लोखंडाचा दुबोटी हुक. हुकाला सायकलच्या ब्रेकची तार जोडलेली. ती तार पाठीवरून जाऊन डाव्या खांद्याच्या पट्ट्याला अडकवलेली. खांदा पुढे केला की हुकाची बोटं उघडायची. खांदा सैल सोडला की रबराच्या कड्यांनी ती मिटायची. इतकंच. पण त्या 'इतकंच'ला शालनने सहा आठवडे दिले. सुरुवातीला तिने पेन्सिली मोडल्या, कपबशा फोडल्या, आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या सदऱ्याला भोक पाडून "त्योच मधी आला" असं सांगितलं. मग एके दिवशी माझ्या वर्गात तिने हुकाने वही दाबून धरली, डाव्या हाताने सतराचा पाढा लिहिला आणि पान उलटलं. पान उलटलं, मुलांनो! तुम्ही दिवसात शंभर वेळा उलटता आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

वेणीही ती घालायला लागली. तिरकी व्हायची. आत्या सरळ करायला गेल्या की म्हणायची, "असू दे. माझी हाय."

आणि मग मंडळ आलं.

दानधर्म करणाऱ्या त्या मंडळाचं नाव मी सांगत नाही, कारण अशी मंडळं गावोगाव आहेत आणि प्रत्येकाला वाटेल की मी त्यांच्याचविषयी बोलतोय. मंडळाचे अध्यक्ष मोठे कनवाळू गृहस्थ होते. गाडीतून उतरण्याआधीच त्यांचे डोळे पाणावलेले असत. केंद्र बघत बघत ते शालनपाशी आले आणि थबकले.

"अरेरे! एवढ्या गोड मुलीला हे काय लावलंय? खाटकाच्या दुकानात मटण टांगतात तसलं?"

"ह्यानं पान उलटतंय," शालन म्हणाली.

"हो हो, बाळ," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी ऐकलं नव्हतं. ते मागच्या चिटणिसाकडे वळले होते. "लिहून घ्या. आपण हिला हात देऊ. खरा हात!"

महिन्याभराने खोक्यातून पाच 'खरे' हात आले. रबराचे होते, मऊ होते, आणि पाचही गोरेपान होते. आमच्या केंद्रात उन्हातान्हातल्या माणसांची सावळी, काळी कातडी. त्यात हे पाच हात कुणी परदेशी पाहुणे विसरून गेल्यासारखे दिसत. नखांना गुलाबी रंग दिलेला. मनगटावर निळसर शिरासुद्धा काढलेल्या. फक्त एक गोष्ट त्यांना येत नव्हती. त्यांचं बोट हलत नव्हतं.

मंडळाने एक अटही घातली होती. एका माणसाला एकच हात. हा घेतला की केंद्राचा हुक जमा करायचा, तो रांगेतल्या पुढच्या माणसाला जाणार. कुमुदताई अध्यक्षांशी भांडल्या, तेव्हा मी तिथे होतो.

"साहेब, हा हात वाईट नाही. लग्नाकार्यात, चारचौघांत ज्याला घालावासा वाटेल त्याने खुशाल घालावा. पण त्यासाठी कामाचा हात काढून घेऊ नका."

"ताई, माणसाला सौंदर्याचीही भूक असते."

"असेल. पण साधी भूक लागली तर ती जेवणार कशाने?"

"तिची आत्या आहे की," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले.

आत्या तर हरखून गेल्या होत्या. तो हात मांडीवर घेऊन त्या तान्ह्या मुलासारखा कुरवाळत होत्या. "लांब बाहीचं पोलकं घातलं की कळायचं न्हाई कुनाला. उद्या बघाय आले की पदराखाली आसा ठेवायचा." त्यांच्या डोळ्यांसमोर शालनचं लग्नच उभं होतं. गावाकडे शालनचे वडील गुरांत आणि रानात अडकलेले, त्यांनी सगळं बहिणीवर सोपवलेलं. आत्या म्हणतील तोच हात शालनबरोबर घरी जाणार, हे ठरल्यासारखं होतं. रविवारी समारंभ आणि सोमवारी सकाळच्या एसटीने दोघी गावी.

आता माझी कामगिरी ऐका. लाभार्थींच्या वतीने शालनने भाषण करावं असं मंडळाने सुचवलं, आणि ते लिहायला अर्थातच मी होतो. तालुक्यातल्या निम्म्या बक्षिसांची भाषणं माझ्या हातची होती. मुलं पाठ करायची, टाळ्या मला ऐकू यायच्या. मी लिहिलं, 'माझ्या अंधाऱ्या जीवनात आपण आशेचा दीप लावलात. हा फुलासारखा हात लाभला आणि मी पुन्हा माणसात आले.'

शालनने दोन दिवसांत पाठ केलं. तिसऱ्या दिवशी विचारलं,

"गुरुजी, मी आधी माणसात नव्हते व्हय?"

"अगं, भाषणात असं म्हणतात."

"आणि ह्ये, 'या हाताने मी आता सर्व कामे करू शकते'. ह्यो हात घालून बगितला मी. ह्यानं पेनसुदिक धरत न्हाई."

"म्हणायचं असतं, शालन. देणाऱ्याला बरं वाटतं."

"मग खोटं बोललं तर चालतं?"

वर्गात मी खोटं बोलण्यावर छड्या दिल्या होत्या. त्या मुलीला मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, "आवाज जरा मोठा ठेव."

रविवारी केंद्राच्या पटांगणात मांडव पडला. मंडळाची माणसं आली, दीप पेटला, पाहुण्यांना श्रीफळ आणि शाल देऊन झाली. शालनला लांब बाहीचं पोलकं घातलेलं. बाहीतून तो गोरा हात बाहेर आलेला. तिची वेणीही त्या दिवशी अगदी सरळ होती, म्हणजे आत्यांनी घातली होती.

अध्यक्षांनी तिला जवळ ओढून तो हात हातात घेतला. फोटोवाला म्हणाला, "एक परत, साहेब." अध्यक्षांनी हात पुन्हा घेतला. मग त्यावर थोपटायला लागले. "किती मऊ आहे बघा!" ते थोपटत होते आणि शालन त्या थोपटण्याकडे अशी बघत होती, जसं कुणीतरी शेजाऱ्याचं मांजर कुरवाळावं आणि आपण नुसतं बघावं. तिला ते थोपटणं जाणवतच नव्हतं. ती वाट बघत होती, एवढंच.

मग भाषण. आवाज खणखणीत. अंधारं जीवन झालं, आशेचा दीप झाला. पुढच्या रांगेत बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी पाय एकावर एक टाकून बसलो होतो.

"आणि आता या हाताने मी..."

ती थांबली. मला वाटलं विसरली. मी खालून ओठ हलवले, 'सर्व कामे करू शकते.'

शालनने माझ्याकडे पाहिलं आणि माइकमध्येच म्हणाली, "गुरुजी, ह्यानं काहीच करता येत न्हाई की."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष झटकन पुढे आले. "घाबरली, घाबरली बाळ! टाळ्या!"

"घाबरले न्हाई," शालन म्हणाली. "मला माझा हुक पायजे. त्यो माझा हात हाय. ह्यो तुमचा हाय."

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. मागून आत्यांचा आवाज आला. "शाले! गप बस! सोन्यासारखा हात दिलाय देवमानसानं आणि त्वांड वर करून बोलतीस?"

कुमुदताई उभ्या राहिल्या. "साहेब, एकच हात हा तुमचा नियम आहे ना? ठीक आहे. कुठला, ते तिला ठरवू दे."

"लहान आहे हो ती," अध्यक्ष म्हणाले. "तिला काय कळतंय? आपले गुरुजी आहेत इथे. गुरुजी, या वर. समजवा तिला."

मी वर गेलो. त्या पाच पायऱ्या मला अजून आठवतात. इतका वेळ मी माझ्या भाषणाचं पुढे काय होणार याच काळजीत होतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो. वर गेलो तर शालन माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. मी एखादं गणित फळ्यावर चुकीचं मांडलं की मुलं बघतात ना, आता गुरुजी पुसतील म्हणून, तशी.

मी माइक घेतला. "हे भाषण मी लिहिलंय," मी म्हणालो. "शालनने नुसतं पाठ केलं. त्यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. ते तिने मला परवाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

एवढंच बोललो. फार मोठं काही केलं असं समजू नका. एक अकरा वर्षांची मुलगी सगळ्या मांडवासमोर खरं बोलून उभी होती, आणि मी तिच्यामागून जाऊन 'हो, हो' म्हणालो.

शालन तोवर कामाला लागली होती. तिने डाव्या हाताने पट्टा सोडला, दातांनी बक्कल ओढलं आणि तो गोरा हात काढून टेबलावरच्या तबकात, उरलेल्या नारळांच्या बाजूला ठेवला. रिकामी बाही लोंबायला लागली. मांडवातल्या बायकांनी 'आई गं' केलं. इतका वेळ ती बाही रिकामीच होती, पण आत रबर होतं तोवर कुणाला तसं वाटलं नव्हतं.

आत्या धावत पुढे आल्या. त्या खरोखर रडत होत्या. "आगं, त्या लोखंडाकडं बघून कोन करनार गं तुज्याशी लगीन?"

"न्हाई केलं तर न्हाई," शालन म्हणाली. "म्हशी हायत की आपल्याला."

आता मात्र मांडव खदखदून हसला. कुणी शिट्टीसुद्धा मारली. अध्यक्षही हसले, कारण फोटोवाला त्यांच्याकडे बघत होता. "ठीक, ठीक, बाळाची इच्छा!" ते म्हणाले आणि घड्याळ पाहिलं. आत्यांनी हुक घरी नेण्याच्या कागदावर सही केली. कुमुदताईंनी कपाटातून हुक आणून शालनला दिला. चढवायला मात्र मदत केली नाही. मी पुढे होणार होतो. मग म्हटलं, नको.

समारंभ संपला आणि पाठीमागच्या शेडमध्ये पंगत बसली. मंडळाच्या अशा पंगतीत एक ठरलेला कार्यक्रम असतो. अध्यक्ष एखाद्या लाभार्थीला स्वतःच्या हाताने गोडाचा घास भरवतात आणि फोटो निघतो. पुढच्या आठवड्यात तो छापूनही येतो. झाल्या प्रकाराने अध्यक्ष थोडे खट्टू होते, पण फोटोशिवाय परत जाणाऱ्यांतले नव्हते. पत्रावळीवरची जिलबी उचलून ते म्हणाले, "आपली शालन कुठाय? बोलवा तिला. रुसली असेल. मी घास भरवतो, म्हणजे हसेल."

त्यांच्या शेजारची पत्रावळ तिच्यासाठी मांडलेली होती. ती रिकामी होती. फोटोवाला गुडघ्यावर बसून नेम धरून होता. आत्या आपल्या पानावरून मान उंचावून इकडे तिकडे बघत होत्या. मी त्यांच्या समोरच्या ओळीत होतो. मलाही ती दिसेना.

मग स्वयंपाकघराच्या दारातून ती आली. हुकात वरणाची बादली, अर्धी भरलेली. डाव्या हातात पळी. खांदा जरा पुढे गेला असता तर हुक उघडून बादली खाली आली असती, म्हणून पाठ अगदी ताठ, आणि चालणं हळू. तिच्यामागे भाताचं तसराळं घेऊन केंद्रातला आचारी येत होता आणि तिने पाऊल टाकलं की तो टाकत होता.

"वरण?" ती पहिल्या पानापाशी वाकली. "वरण?" दुसऱ्या पानापाशी. मंडळाचे चिटणीस, त्यांच्या पत्नी, खजिनदार. माणसं मान वर करून बादलीकडे बघायची आणि नाही म्हणायचं विसरून जायची.

ती अध्यक्षांपाशी आली. जिलबी अजून त्यांच्या हातात अधांतरी होती आणि पाक मनगटावर उतरत होता.

"अगं बाळ, तू कशाला? तू बस, बस इथे..."

"साहेब, जिलबी खाली ठेवा," शालन म्हणाली. "भात कोरडा हाय तुमचा."

त्यांनी ठेवली. तिने वाकून वरण वाढलं. फोटोवाल्याने साहेबांकडे पाहिलं, साहेब भात कालवायला लागले होते, आणि त्याने यंत्र खाली घेतलं.

तेवढ्यात आत्या उठल्या. पदर खोचत पुढे आल्या आणि त्यांनी बादलीला हात घातला. "दे हिकडं. जड हाय, सांडशील."

शालनने बादली सोडली नाही.

"आत्या, पानावर बसा," ती म्हणाली. "उठलेल्याला वाढत न्हाईत."

सगळी पंगत बघत होती. आत्यांनी बादलीवरचा हात काढला. मग मागे वळल्या, आपल्या पानावर जाऊन बसल्या आणि मांडी घातली. शालन त्यांच्यापर्यंत ओळीने, एकही पान न गाळता आली. पळीच्या टोकाने तिने त्यांच्या भाताला खळगा केला, त्यात वरण घातलं, आणखी अर्धी पळी घातली, आणि बादली सावरून पुढच्या पानाकडे गेली.